हातचा एक

आमची शाळा भरत नाही,
त्यामुळे ती सुटतही नाही.
सकाळी ओटमीलच्या पातेल्यापाशी सुरू होते
आणि रात्री तोंडात ब्रश धरून सिग्ने विचारते,
ढगाला वजन असतं का गं?
मी दिव्याच्या बटनावरचा हात खाली घेते.

कुणी मागत नाही, तरी मी वही ठेवते.
वार, विषय, तास.

सोमवार. अपूर्णांक.
एक राय ब्रेड, आम्ही चौघं, आठ तुकडे.
तोवेला नववा हवा होता, बाबासाठी.
बाबा बोटीवर. पोटात लोखंडाचं खनिज भरलेली
हजार फुटांची बोट, तिच्या भटारखान्यात तो कांदे चिरतोय,
आणि नोव्हेंबरचं हे सरोवर
कुणाला विचारून खवळत नाही.
गणित : दीड तास, असं लिहिलं.
भांडण धरून.

मंगळवारी कॉलेजच्या कलादालनात तिकीट नसतं.
बस चुकली, टेकडी चालत चढलो,
ओल्या बुटांचे आठ ठसे घेऊन आत.
मोठ्या भिंतीवर एकच चित्र : धुकं.
खाली उजवीकडे एक रेघ, ती काठ असेल किंवा चूक.
तोवे म्हणाली, हे अजून संपलं नाहीये.
पहारेकरी लॉर्न हसला नाही.
म्हणाला, सहा वर्षं मी याच्यासमोर उभा आहे,
मलाही वाटतं कुणीतरी येईल त्यातून.
सिग्नेनं चित्र काढलंच नाही.
तिनं लॉर्नचे बूट काढले,
डाव्याची टाच झिजलेली, नाडी दोनदा गाठ मारून जोडलेली.
तो वाकून बघत राहिला,
मग हळूच डावा पाय उजव्यामागे नेला.

बुधवार.
बुधवारी मी ओरडले.
एइनोनं इतिहासाच्या पुस्तकावर दूध सांडलं म्हणून,
खरं तर दुधासाठी नाही.
हे कुठल्या रकान्यात घालतात?

गुरुवारी चर्चच्या तळघरात चेलोचा तास.
मिसेस कल्लिओंना सगळं ऐकू येतं,
फक्त आपण बोललेलं सोडून.
पहिल्याच गजाला त्या थांबल्या.
जाड तार उतरलेली होती, चांगलीच, मुद्दाम.
कुणी केलं?
एइनो खुंट्यांकडे बघत म्हणाला, मी.
बाबाची बोट पुलाखालून जाताना भोंगा देते,
तीन लांब, दोन आखूड.
तो सूर इथे खाली आहे. वर चढवला की सापडत नाही.

मला वाटलं, आता रागावतील.
त्या उठल्या, पियानोशी गेल्या,
एक पट्टी दाबली, मग तिच्या शेजारची,
पुन्हा पहिली.
तो सूर पियानोत नव्हता,
दोन पट्ट्यांच्या फटीत कुठेतरी होता.
तार त्यांनी चढवली नाही.
म्हणाल्या, आजचा धडा तिथूनच वाजव,
बेसूर होईल, होऊ दे.
झाला. कॉफीचे कप लावणाऱ्या दोन बायका
कप हातात धरून उभ्या राहिल्या.

शुक्रवार नीट आठवत नाही.
नकाशा केला मिठाच्या कणकेचा,
सरोवराच्या जागी निळा रंग ओतला, तो सुकेचना.
एक मोजा हरवला. स्पेलिंगचे वीस शब्द, सतरा बरोबर.

रविवारी रात्री सिग्ने माझ्या वहीतले तास मांडते,
एकाखाली एक, जीभ दाताखाली धरून.
बुधवार कोरा का?
तो शून्य धर, मी म्हणते.
ती धरत नाही. पेन्सिल तिथेच थोडी टेकवते
आणि पुढे जाते.
सहा आणि सात तेरा. तीन खाली.
हातचा एक.

हा कुठे ठेवायचा, ती विचारते,
जणू हे तिला पहिल्यांदाच सुचतंय.

वर, मी म्हणते. बारीक अक्षरात.
पुढच्या घराच्या डोक्यावर.
म्हणजे विसरायला होत नाही.

बाहेर पुलाचे दिवे लागलेत.
एइनो खिडकीशी आहे.
तोवे झोपलीय, मुठीत वाळका तुकडा,
सोमवारचा.