खिडकीतले बूट

नोव्हेंबर सरता सरता सूर्य डोंगराआड गेला,
तो आता जानेवारीच्या शेवटी आमच्या गल्लीत पाय ठेवणार.
तोवर अकराच्या सुमारास उजाडल्यासारखं होतं
आणि तीनला परत काजळी धरते.
त्या मधल्या वेळात मी कारखान्यात
कॉडच्या पाठीतून काटे वेचत असते.
उजेडाबद्दल मी ऐकून आहे.

बारा तारखेपासून खिडकीत बूट.
डोंगरावरून तेरा भाऊ उतरतात, रात्री एक,
कुणी पळी चाटणारा, कुणी भांडं खरवडणारा,
शहाण्या मुलांच्या बुटात काहीबाही टाकून जातात.
द्वाड असेल त्याला बटाटा.
पाच वर्षांच्या ब्यार्कीला यातलं अक्षर न् अक्षर खरं.
नऊ वर्षांच्या स्वालाला काय ठाऊक आहे
ते ती सांगत नाही,
मी विचारत नाही.

तेरा रात्री, दोन बूट.
सगळा साठा कपाटात, टॉवेलांच्या मागे:
खोडरबर, संत्री, एक लोकरी हातमोजा,
त्याचा जोडीदार दुसऱ्या रात्रीसाठी.
हाल्ला म्हणाली, भारी चिकट गं तू.
म्हटलं, नवरा बोटीवर आहे,
तेवीसला येतो म्हणालाय, वारा हो म्हणाला तर.

शाळेच्या नाटकात ब्यार्की तिसरी मेंढी.
मेंढ्यांना मिळून एकच वाक्य,
तरी आठवडाभर घोकणं चाललंय, न्हाणीघरातसुद्धा.
सतराच्या संध्याकाळी
मेंढीचा एक कान हरवला.
मग दूध सांडलं. मग कान दुधात सापडला.
मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.
दार असं आपटलं की खुंट्यांवरचे कोट खाली आले,
आणि मी बाहेर पायरीवर, बर्फात, नुसत्या मोज्यांवर.
पलीकडची बोझेना कचरा टाकायला आली होती.
तिने काही न विचारता सिगारेट पुढे केली.
सहा वर्षांपूर्वी सोडलेली, ती अर्धी ओढली.

आत आले तर दोघं झोपलेली.
पाच मिनिटं म्हणून सोफ्यावर टेकले
मासळीच्या वासाच्या कपड्यांतच.

साडेसहा. काळोख. बूट!
टॉवेलांत हात घातला तोच ब्यार्की किंचाळत आला,
हातात संत्रं
आणि निळा खडू, टोक झिजलेला.
"दार आपटणारा येऊन गेला, आई!
मी ऐकलं ना काल! धाड्‌कन!"
स्वाला लापशीत चमचा फिरवत होती.
तिचा बूट रिकामा.
"त्याच्याजवळचं संपलं असेल," ती म्हणाली,
बोटाला निळं लागलेलं.

मी गमबूट चढवायला गेले
तर अंगठ्याला काहीतरी अडलं.
बटाटा.
स्वच्छ धुतलेला.
माती लागू नये माझ्या मोज्यांना,
एवढी काळजी घेऊन दिलेली शिक्षा.

दिवसभर तो खिशात होता.
काटे वेचताना मांडीला लागत होता.
त्या रात्री स्वालाच्या बुटात दोन वस्तू ठेवल्या.
"चुकला वाटतं तो," सकाळी ती म्हणाली.
"चुकतात," मी म्हटलं, "तेही."

आज तेवीस.
आंबवलेला चपटा मासा शिजतोय,
डोळ्यांतून पाणी काढणारा वास
पडद्यांत शिरलाय, मेंढीच्या कानांतही.
ब्यार्की नाक दाबून खिडकीत उभा,
बंदराकडच्या प्रत्येक दिव्याला बाबा म्हणतोय.
वारा अजून काही बोललेला नाही.
दोन ताटं वाढली, तिसरं घेतलं, चौथं पुसून ठेवलं.

"तो बटाटा कुठंय?" स्वालाने हळूच विचारलं.
पहिल्यांदाच.
"याच पातेल्यात होता. खाल्ला मी."
"सालीसकट?"
"सालीसकट."