उरलेली धग

सकाळी नऊला इनासची भट्टी रिकामी होते.
पोई, उंडे, काकणं घेऊन
सायकली कधीच डिचोली सोडून मयेपर्यंत पोचलेल्या.
तेव्हा मी पत्र्याचा ट्रे फडक्यात गुंडाळून जाते,
उरलेली धग मागायला.

कणकेत परसातली ओव्याची पानं,
जाड, लवदार, चिरली की बोटं दिवसभर वासाची.
थोडा शेपू, भरडलेली मिरी,
पाण्याऐवजी कालचं आंबट ताक.
सोड्याच्या बाटलीने लाटते,
ओट्यावरचे ठिपके खालून दिसेपर्यंत.
मग काटा घेऊन टोचत बसते.
न टोचलेलं बिस्किट फुगतं.
एकतीस वर्षं वर्गात हेच केलंत बाई, इनास म्हणतो.

भट्टीला घड्याळ नाही.
तो तीन नमान मोरिये म्हणतो,
मी एकोणतिसाचा पाढा.
बहुधा दोघं एकदमच थांबतो,
आणि तो लांब फळीने ट्रे ओढतो.

आज मधेच म्हणाला,
पुढच्या महिन्यात विजेचा ओव्हन येतोय.
फिलूने पैसे धाडलेत.
बटण दाबायचं, झालं की घंटी वाजते.

एकोणतीस साते दोनशे तीन.
मी तिथेच अडले.
तोही कुठल्याशा मोरियेपाशी.

कडा काळ्या झाल्या.
पोत्यांवर बसून तीच खाल्ली आम्ही,
कडवट, कुरकुरीत,
एकमेकांकडे न बघता.
त्याच्या मिशीत शेपूची काडी.

"उद्या?" त्याने विचारलं.
"उद्या तिसाचा म्हणेन," मी म्हटलं,
"त्यात चुकायला काही नाही."