अंगठा

मुहर्रकच्या विमानतळामागे, जिथं विमानं
गच्चीवर वाळणाऱ्या कपड्यांना हात लावून जातात,
त्या गल्लीत आमची बेकरी.
रात्री दहाला शटर अर्धं खाली, आत आम्ही तिघं:
मी देवरुखचा, दिलबहादुर पोखऱ्याचा,
आणि मारिव्हिक, जिचं गाव सात हजार बेटांपैकी
नेमकं कुठल्या बेटावर, ते माझ्या अजून लक्षात राहत नाही.

एक साखर, दोन लोणी, तीन मैदा, वजनानं.
अंडं नाही, पाण्याचा थेंब नाही.
"नानकटाईच की ही," पहिल्या दिवशी मी म्हणालो,
"फक्त वेलची विसरलेली."
मारिव्हिक हसली नाही. म्हणाली, तुझे हात गरम आहेत.
बाहेर ऑगस्ट. रात्रीसुद्धा अडतीस.
तिनं माझे हात बर्फाच्या बादलीत धरले,
ताप उतरवावा तसे,
आणि मगच लोण्याला शिवू दिलं.

फळ केनियाहून येतं, खोक्यात कागदाच्या कातरणांवर निजून.
जांभळं, लिंबाएवढं. तुकतुकीत असेल तर आंबटढाण,
सुरकुतलं की घ्यायचं.
आत पिवळा गर, काळ्या बिया,
आणि वास असा की दिलबहादुर मैदा चाळायचा थांबतो.
घरी फोटो पाठवला. नंदिनीचं उत्तर आलं:
अहो, हे कृष्णफळ. आपल्या गडग्यावरच्या
कृष्णकमळाचंच भावंड.

चाळीस वर्षं ते फूल पाहिलं मी.
शंभर कौरव, वर पाच पांडव, मधोमध कृष्ण,
बोटानं मोजून दाखवलं पाव्हण्यांच्या पोरांना.
फुलाच्या पुढं काय होतं, कुणी विचारलंच नाही.
म्हणून एका रात्री, भट्टी तापेपर्यंत,
एका फळातल्या बिया मोजल्या. एकशे सत्तेचाळीस.
कोण कुणाच्या बाजूचं, देव जाणे.

गर गाळायचा. साखर, पिवळा बलक, मंद आच.
ढवळत राहायचं. नजर हटली की फुटतं,
आणि फुटलं की पगारातून जातं.

आता अंगठ्याचं सांगतो.
गोळ्याच्या मधोमध खळगा पाडायचा.
भट्टीत तो फुगून वर येतो,
म्हणून बाहेर काढल्या काढल्या, लोणी अजून चरचरत असताना,
पुन्हा दाबायचा. चमचाही चालतो,
पण चमच्यानं कड तडकते, अंगठ्यानं नाही.
एका ट्रेमध्ये अठ्ठेचाळीस. रात्रीत वीस ट्रे.
सहा वर्षं.

मार्चमध्ये कार्ड नवं करायला गेलो.
काचेवर अंगठा ठेवला. यंत्र म्हणालं, पुन्हा.
पुसून ठेवला. पुन्हा.
काउंटरवरच्या बाईनं माझा हात उलटा करून पाहिला,
ज्योतिषी बघतो तसा.
काय काम करता? सांगितलं.
"ती पिवळ्या डोळ्याची बिस्किटं? माझ्या धाकट्याला फार आवडतात."
आणि तिनं डाव्या हाताची करंगळी घेतली.
सरकारदरबारी मी आता करंगळी आहे.

माझा आजा अंगठेबहाद्दर.
कागद कसलाही असो, शाई लावून दाबायचा,
कुणी त्याला पुन्हा म्हटलं नाही.
नातवाला सही यावी म्हणून शाळेत घातलं.
सही येते. वळणदार येते.

साडेचारला बांग होते. शेवटचा ट्रे ओट्यावर.
भरायच्या आधी एक बिस्किट उचलून
ट्यूबलाइटखाली तिरकं धरलं,
खळग्यात एखादी तरी रेघ उमटली असेल म्हणून.
गुळगुळीत. चमच्यानं केल्यासारखा.
मागून मारिव्हिक म्हणाली,
बघत काय बसलास, भर लवकर,
गार होतंय.