पासंग

रमणभाईने रजिस्टर आणून टेबलावर ठेवलं,
पुठ्ठ्यावर वाळवीने काढलेली एक नदी.
सूतिकागृह, बडोदे, सत्त्याऐंशी साल.
अडतीस बायका,
अक्षर डॉक्टर चिटणीसबाईंचं,
आणि प्रत्येक ओळीच्या समासात दोनच अक्षरं: टॉ. व.
आत टाचलेलं एक पत्र: नमुना लहान, क्षमस्व.

अकरा अभ्यास आमच्याकडे आधीच होते.
कोल्हापूरकडे मशेरी, इथे बजर, तिकडे बिहारात गुल.
हेतल विचारते, एकाच रकान्यात घालायचं?
हिरडीला काय कळतं नावातलं, मी म्हणते,
आणि म्हणता म्हणता वाटतं, कळतही असेल.

चार घरं, एवढाच संसार.
बजर लावणाऱ्या अकरा,
त्यांतल्या सहाजणींची मुलं अडीच किलोच्या आत.
न लावणाऱ्या सत्तावीस,
त्यांत हलकं मूल कुणाचंच नाही.
शून्य.
शून्याने भागाकार अडतो
म्हणून रिवाज असा, की प्रत्येक घरात
अर्धी बाई मिसळायची.

अर्धी बाई!
तिला खाट नाही, केसपेपर नाही,
अंगठा उठवायलाही ती आली नाही कधी.
पण ती त्या रिकाम्या घरात येऊन बसली
आणि अनंतावर गेलेला ऑड्स रेशो
मुकाट्याने पासष्टावर उतरला.

लॉग घेतला. प्रचरण दोन पॉइंट सदतीस,
त्यातले दोन एकट्या त्या अर्धीचे.
उलटं केलं की भार: शून्य पॉइंट बेचाळीस.
सगळ्यांचा मिळून दोनशे दहा.
हजारात दोन.
पासंगालाही पुरायचं नाही, हेतल म्हणाली,
तिने हा शब्द आमच्याच घरी उचललाय.

संध्याकाळी फतेगंजला फोन लावला.
सिस्टर फिलोमिना, वय ब्याऐंशी, आवाज अजून वॉर्डातला.
टॉ. व. म्हणजे? अगं, टॉवेल वजा!
थंडीत उघडं बाळ काट्यावर टाकायचं का?
आधी टॉवेल तोलायचा, मग बाळासकट,
आणि रोज सकाळी खंडेराव मार्केटातून
भाजीवालीचं अर्ध्या किलोचं माप मागून आणायचं,
काटा खरं बोलतो का बघायला.
बाई स्वतः जायच्या. मला नाही पाठवायच्या.

रात्री रिग्रेशन चालवलं.
डावीकडे बारा लॉग, उजवीकडे नुसता स्थिरांक,
शेजारी भारांचा रकाना.
मशीन जी प्रमाण त्रुटी देतं ती तशीच घ्यायची नसते,
उरलेल्या विखुरण्याची पट तिच्यातून काढावी लागते.
भागाकार करताना मी पुटपुटले,
टॉ. व.

उत्तर हललं.
एक पॉइंट शहाऐंशीवरून सत्त्याऐंशीवर.

आलेखात बाकीचे चौकोन ठसठशीत,
बाईंचा ठिपका मी आधी स्क्रीनवरचा मळ समजून पुसायला गेले.
त्याची आडवी रेघ तीनाच्या जरा पुढे सुरू होते
आणि तेराशेच्याही पलीकडे, कागद संपतो तिथे
बाण होऊन निघून जाते.
एवढी लांब, एवढी बेभरवशाची रेघ,
पण एकाच्या उभ्या रेषेला
तिने शिवलेलं नाही.

परत नेऊ का, रमणभाई विचारतो, की रद्दीत?
थांब जरा, म्हणते.
तेविसाव्या ओळीत वजनावर शाई सांडलीय,
दोन हजार तीनशे, पुढचं दिसत नाही.
मी भिंग शोधते आहे.