उलटी पट्टी

चावी देताना कौन्सिलचा माणूस म्हणाला,
जमीन उघडीच मिळते, नियम आहे.
आधीच्या भाडेकरूचा गालिचा
त्यांनी उचकटून नेला होता, फेकायला.
भिंतीकडेने खिळ्यांच्या पट्ट्या तेवढ्या राहिल्या,
दात विचकून.

सेंगाने गॅसच्या बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला.
ऐंशी पौंड. सतरा दिवस.
अठराव्या दिवशी मिस फेअरली येणार,
बैठकीची खोली बघणार,
आणि मग ठरणार
सात वर्षांचा इनिस आजीजवळ राहतो की नाही.
त्याची आई कुठे आहे, मी विचारलं नाही.
चौथ्या मजल्यावर आमची भिंत एक आहे,
बाकीचं ज्याचं त्याच्यापाशी.

मी शेजारचा. ग्रीनॉकच्या गोदीत एकतीस वर्षं वेल्डर.
माझ्याकडे शिडी आहे, आणि वेळ.

सोफा चर्चच्या दुकानात मिळाला, बावीस पौंडांना.
लिफ्टमध्ये मावेना.
पाय काढले, तरी मावेना.
मग जिना. प्रत्येक वळणावर सेंगा त्याच्याशी बोलायची,
अडून बसलेल्या म्हाताऱ्याशी बोलावं तशी.
दुसऱ्या मजल्यावर आमचा दम संपला, तर
मिसेस लोगन बाहेर आल्या, त्यावर बसल्या
आणि कप रिकामा होईपर्यंत उठल्या नाहीत.

गालिचा म्हणजे कुणाच्या तरी मोठ्या घरातला उरलेला तुकडा.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, खरं आहे,
पण हे अंथरूणच फूटभर तोकडं.
खिडकीकडे ओढलं की दाराशी सिमेंट,
दाराकडे ओढलं की खिडकीशी.
तिसऱ्यांदा ओढून ती म्हणाली,
"मिस फेअरली दारातून येणार, खिडकीतून नाही."

पडदे फुकटात.
बंद पडलेल्या शाळेच्या स्टेजचे, लाल मखमली,
आतल्या बाजूला कुणीतरी कुणाचं तरी नाव कोरून खोडलेलं.
सरकवले की वाटायचं,
आता कुणीतरी येऊन घसा साफ करणार.

कागद फक्त एका भिंतीपुरता. तीन रोल, नऊ पौंड, पक्षी.
तिच्या आईचं नाव अ‍ॅग्नेस.
बापाने तीच अक्षरं शेवटाकडून लिहिली
आणि मुलीच्या दाखल्यावर सेंगा आलं.
आमच्याकडे अशा बायका आहेत अजून दोन-चार.
"नव्या नावाला पैसे पडतात,"
खळीचा ब्रश माझ्या बाहीला पुसत ती म्हणाली.
रात्रीचे अकरा वाजले होते. मी शिडी धरून पेंगत होतो.

सकाळी दिसलं.
चौथ्या पट्टीतले सगळे पक्षी पाय वर करून.

रोल संपलेले. दुकानातला मालही संपलेला.
सोफा सरकवला, पुरला नाही.
दिवा ठेवला, तर उजेड नेमका तिथेच.
शेवटी ती म्हणाली, राहू दे,
आणि कधी नव्हे ते दिवसभर दार लावून बसली.

मिस फेअरली आल्या. इनिस सोबत, तासाभरासाठी.
त्यांनी फ्रिज उघडून पाहिला, धुराच्या घंटीचं बटण दाबलं,
मीटरमध्ये किती उरलंय ते लिहून घेतलं.
मग भिंतीकडे बघत राहिल्या. जरा जास्तच वेळ.
"ही पट्टी मुद्दाम?"
सेंगाने माझ्याकडे पाहिलं.
मी पडद्यांकडे.
इनिस सोफ्यावर पाठीवर पडला होता,
डोकं खाली लोंबत, बूट भिंतीला टेकलेले.
"ते सरळ आहेत," तो म्हणाला, "बाकीचे उलटे."
मिस फेअरलींनी काहीतरी लिहिलं.
काय, ते आम्हाला दिसलं नाही.

पत्राला पंधरा दिवस लागतात. आज नववा.
पडद्याची शिवण एका बाजूने सुटलीय.
बिलाच्या पाठीवर अकरा पौंड शिल्लक होते;
परवा तिने मला विचारलं,
सात वर्षांच्या पायांना सिमेंट किती गार लागत असेल.
मी म्हणालो, लागत असेल.

भिंतीपलीकडून आता सुयांचा आवाज येतो, उशिरापर्यंत.
करड्या लोकरीचं काहीतरी चाललंय खिडकीजवळ,
फूटभर रुंद.
लांबी तिने अजून मोजलेली नाही.