इतिवृत्तात न आलेलं

विषय सातवा : हवामानबदल, जनजागृती.
सहावा गटाराचा होता, तो पाऊण तास चालला,
त्यात एक खुर्चीही मोडली.
सातव्याला निम्मे उठून गेले.

सुचेताबाई मयेकर, भूगोल शिकवतात,
मालीमच्या कारखान्यातून बर्फाची लादी घेऊन आल्या,
फेरीबोटीतून, रिक्षाच्या मागच्या सीटवर,
गोणपाटात गुंडाळून.
लादीला बांगड्यांचा वास होता.
त्यांनी ती सरपंचांच्या टेबलावर ठेवली, हजेरीपटाशेजारी,
आणि बोलल्या काहीच नाहीत.

एक पोरगा म्हणाला, बाई, ग्लासातला बर्फ वितळला
तर पाणी वर येत नाही. मी करून बघितलंय.
बरोबर, त्या म्हणाल्या, तो तरंगतो.
हा टेबलावर आहे.
डोंगरावरचा, जमिनीवरचा,
आपल्यातल्या कुणी न पाहिलेला.

मी लिहून घेत होतो. सचिवाचं काम तेवढंच.
पाणी आधी काठाशी थबकलं,
मग कुणाची परवानगी न मागता
पहिल्या रांगेतल्या चपलांखाली आलं.
लोकांनी पाय वर घेतले.

तेव्हा मागून इनास कार्दोज उठला.
चाळीस वर्षं मानशीचं दार तोच सांभाळतो,
ओहोटीला सोडायचं, भरतीला अडवायचं,
चंद्राचं आणि कोळंबीचं वेळापत्रक तोंडपाठ.
सभेत कधी बोललेला नाही.
त्यानं टेबलाच्या ओल्या पायाला
चार बोटं आडवी लावली.
"उदक इतलें चडलां," म्हणाला.
चिऱ्यावर कोयत्याच्या खुणा आहेत,
दर वर्षीच्या मोठ्या भरतीची एक.
बापाच्या खुणा आता ओहोटीलाही सुकत नाहीत,
शेवाळ धरलंय त्यांनी.
आणि कोरगुट, मिठाला न भिणारं भात,
यंदा खाजनात पिवळं पडलं,
ते मात्र त्यानं खाली बसता बसता सांगितलं,
घरातलं दुखणं सांगावं तसं.

शाणू फडकं घेऊन आला.
राहू दे, बाई म्हणाल्या.
पंख्याच्या वाऱ्यानं लादी हळूहळू लहान होत होती.
सरपंचांनी घड्याळ पाहिलं.

ठरावाच्या रकान्यात मी लिहिलं : नोंद घेतली.
पान ओलं होतं, शाई पसरली,
"घेतली" वाचता येत नाही.

रोज रस्त्यानं जातो, त्या रात्री बांधावरून गेलो.
मोबाइलच्या उजेडात खुणा सापडल्या,
इनासच्या बापाची शेवटची, आणि तिच्यावर यंदाची.
मधल्या जागेत बोटं आडवी लावून पाहिली.
माझी बोटं इनासच्या बोटांपेक्षा बारीक आहेत.
पाच लागली.