जमेल तसं

रात्री पावणेदोन. एरंडवण्यातलं हॉस्पिटल.
तळघरातल्या सर्व्हर रूममध्ये अंगात स्वेटर घालून
मी पाकिटांच्या कपाळावर आकडे लिहितोय.

शेहेचाळीस : आवाज. आयसीयूचे फोन,
भोरच्या केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंचे प्रश्न.
चौतीस : त्यांच्या कॅमेऱ्यातला पेशंट.
मग एक्स-रे, मग बिलिंग.
बिलिंगच्या परचुऱ्यांनी तीन मेल टाकलेत
की त्यांचंही काम तातडीचंच आहे.
सगळ्यांचंच असतं.
शेवटी शून्य : पाहुण्यांचं वायफाय.
त्या रांगेला आम्ही म्हणतो, जमेल तसं.

विसर्जनाला लक्ष्मी रस्त्यावर हेच बघत वाढलो.
मानाचे पाच आधी,
बाकीची मंडळं पहाटेपर्यंत ढोलावर डोकं टेकून पेंगत,
आणि मधूनच सायरन वाजला
की कुणी न सांगता गर्दीत पडणारा भांग.
तो भांग मला चार ओळींत लिहायचाय.

डेंगळे सर सांगायचे,
पुढच्या रांगेलाही आवर घाल.
मोकळी सोडलीस तर मागचे उपाशी मरतील
आणि तुला पत्ता लागणार नाही,
उपाशी पाकीट तक्रार करत नाही,
गळून जातं.

दोन दहा. पॉलिसी चढवली.
भोरचा आवाज इतका स्वच्छ
की तिथलं कुत्रं भुंकलेलं ऐकू आलं.

चहाला वर आलो तर आयसीयूच्या काचेशी एक माणूस,
पायात स्लीपर, फोन हवेत धरलेला.
पलीकडे मस्कतला मुलगी,
अलीकडे काचेमागे तिची आई.
चित्राचे चौकोन चौकोन झालेत,
मुलीचं तोंड उघडंच राहिलंय.
"आत्तापर्यंत नीट चालू होतं हो," तो म्हणाला.
मी मान हलवली.
आत्तापर्यंत म्हणजे किती वाजेपर्यंत,
ते मला मिनिटासकट ठाऊक होतं.

चहा राहिला. खाली जाऊन
शून्यासाठी पाच टक्के राखून ठेवले,
परचुऱ्यांच्या वाट्यातले.
उद्या चौथा मेल येईल.

परत वर गेलो तर
त्यानं चित्र केव्हाच बंद केलं होतं.
फोन कानाला लावून, काचेला नाक टेकवून
तो सावकाश सांगत होता,
"वेणी घातलीय सिस्टरनी. हो, तेल लावून.
हात हलवला बघ आत्ता.
उजवा.
नाही, थांब, डावा."